टिंबक्टूच्या व्यापाऱ्यांना पोथ्या कशाला लागत होत्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नववीच्या मुलांना मध्ययुगीन व्यापार शिकवताय. तुमच्या हातातल्या पुस्तकात पश्चिम आफ्रिकेचा विषय ‘सोनं उत्तरेला गेलं, मीठ दक्षिणेला आलं’ एवढ्यावर आटोपतो. दुसरीकडे सहाराच्या दक्षिण कडेवरच्या, आजच्या माली देशातल्या टिंबक्टूला २५ हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ होतं, असा एक मजकूर तुमच्या मोबाइलवर आलाय. तो वर्गात वाचून दाखवल्यावर एका मुलीनं विचारलं, “उंटावरून मीठ विकणाऱ्यांना एवढी पुस्तकं कशाला लागायची?” आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की ते विद्यापीठ खरं होतं का.

विद्यापीठाकडे नंतर येते. त्या मुलीचा प्रश्न जास्त मोलाचा आहे आणि खरी अडचणही तिनंच नेमकी पकडली आहे. आपण व्यापार एका धड्यात शिकवतो, विद्या दुसऱ्या धड्यात. मग दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच घरात नांदताना दिसल्या की कोडं पडतं. मी २६ वर्षं महाविद्यालयात मध्ययुगीन इतिहास शिकवते आहे, आणि वेळ मिळेल तसे मोडी कागद वाचते. या दोन्ही कामांतून माझं जे मत झालंय ते सांगते: सहारापारच्या व्यापारात लिहिता-वाचता येणं हा श्रीमंतीनंतर आलेला शौक नव्हता. त्या व्यापाराचं ते पहिलं भांडवल होतं.

मात्र हे कुठल्या प्रदेशाबद्दल आणि कुठल्या काळाबद्दल बोलतोय यावर बरंच अवलंबून आहे. ‘आफ्रिकेतली राज्यं’ म्हणून एक सरसकट विधान करता येत नाही. इथिओपियातले ख्रिस्ती मठ गीझ भाषेत ग्रंथ लिहीत होते, त्यांचं जग निराळं. पूर्व किनाऱ्यावरच्या किल्वाचं तोंड समुद्राकडे आणि आपल्या गुजरात-कोकणाकडे होतं. चाड सरोवराकाठच्या कानेम राज्यातल्या लोकांनी तर तेराव्या शतकात थेट कैरोत आपल्या विद्यार्थ्यांसाठी मदरसा बांधला. मी खाली लिहिते आहे ते घाना, माली आणि सोंघाई या एकामागोमाग आलेल्या राज्यांबद्दल, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेवरच्या पट्ट्याबद्दल, अकराव्या ते सोळाव्या शतकापर्यंतचं.

सुरुवात घरापासून करते, कारण मला हा विषय घरीच कळला. माझ्या वडिलांची कोकणातल्या एका बाजारपेठेच्या गावी नारळ-सुपारीची अडत होती. एकदा घाटावरचा एक अनोळखी माणूस चिठ्ठी घेऊन आला. चार ओळींची चिठ्ठी, खाली एका जुन्या अडत्याची सही. वडिलांनी चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली, ‘अक्षर त्यांचंच आहे’ म्हणाले, आणि कधी न पाहिलेल्या माणसाला गाडीभर माल उधारीवर दिला. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या माणसाकडे पैसे नव्हते, ओळख नव्हती. त्याच्याकडे कागद होता, आणि तो कागद वाचू शकणारा माणूस समोर होता. बाजारात ‘पत’ म्हणतात ती हीच.

आता तोच प्रसंग सहारात न्या. फेब्रुवारी १३५२मध्ये इब्न बतूता हा प्रसिद्ध मोरोक्कन प्रवासी मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या सिजिल्मासाहून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाला. २५ दिवसांनी तघाझा लागलं. हे मिठाच्या खाणीचं गाव. घरांच्या भिंती मिठाच्या लाद्यांच्या, मशीदही मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड म्हणून नाही. खाणीत राबत होते मसूफा टोळीच्या मालकीचे गुलाम, आणि त्यांच्या पोटाला खजूर यायचा उत्तरेतून, धान्य दक्षिणेतून. एका उंटावर मिठाच्या दोन लाद्या. हा एक उंटभार वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या वलाता गावी ८ ते १० मिस्काल सोन्याला जायचा आणि मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० मिस्कालांनाही. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. जितकं दक्षिणेला जाल तितका भाव चढता, कारण तितकी वाट मागे टाकलेली.

तघाझाच्या पुढे वाळवंटाचा सगळ्यात अवघड टप्पा. तिथे मसूफांपैकी एक माणूस तांड्याच्या पुढे एकटा रवाना करत. त्याला ‘तकशीफ’ म्हणत. त्याच्याजवळ तांड्यातल्या लोकांनी वलात्यातल्या आपल्या ओळखीच्यांना लिहिलेली पत्रं असत: आम्ही येतोय, उतरायला घर बघा, आणि चार दिवसांची वाट चालून पाणी घेऊन सामोरे या. वलात्यात ज्याची ओळख नसेल तो तिथल्या एखाद्या नावाजलेल्या, भल्या व्यापाऱ्याच्या नावे पत्र लिही, आणि तो अनोळखी व्यापारीही पाणी पाठवी. इब्न बतूताच्या तांड्यानं अशा माणसाला १०० मिस्काल मोजले. त्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू होता, तरी वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. इब्न बतूता पुढे सांगतो की कधी कधी तकशीफ वाटेतच मरतो, वलात्याला खबर लागत नाही, आणि मागचा तांडा तहानेनं संपतो.

मी हा उतारा वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुलं गप्प होतात. एका पत्रावर शे-दोनशे माणसांचा जीव. मीठ आणि सोनं डोळ्यांना दिसतं, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात येतं. पत्र दिसत नाही, पण ते वेळेवर पोचलं नाही तर मीठही पोचत नाही.

पैशाचंही तसंच. इब्न हौकल हा दहाव्या शतकातला प्रवासी वाळवंटाच्या दक्षिण कडेवरच्या अवदगुस्त गावातल्या एका ‘सक्क’बद्दल लिहितो. सक्क म्हणजे साक्षीदारांच्या सह्यांचा कर्जरोखा. अवदगुस्तचा एक व्यापारी सिजिल्मासाच्या एका व्यापाऱ्याला ४२ हजार दिनार, म्हणजे सोन्याची नाणी, देणं लागत होता. पूर्ण वजनाचा दिनार धरला तर हे पावणेदोनशे किलोहून जास्त सोनं होतं. एवढं सोनं उंटावर लादून दोन महिन्यांच्या वाटेवर कोण पाठवेल? वाळवंट ओलांडला तो कागदानं. आपल्याकडच्या हुंडीची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच उमजेल.

पण कागद नुसता असून भागत नाही. उद्या देणेकरी फिरला, वाटेत मेला, किंवा दोघांनी एकाच कलमाचे दोन अर्थ लावले तर? मग दोन्ही टोकांना एकच कायदा मानणारी माणसं लागतात. इथे इस्लाममधल्या मालिकी पंथाचा फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रावर उभा असलेला व्यवहाराचा कायदा, कामी आला. ट्युनिशियातल्या कैरवानच्या सहनूननं नवव्या शतकात ‘मुदव्वना’ हा या कायद्याचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात नमाज आणि रोजे आहेत, तशीच खरेदी-विक्री, भागीदारी, गहाण, ठेव आणि वारसाहक्काची प्रकरणंही आहेत. व्यापाऱ्यांच्या रोजच्या कामाची एक तरतूद म्हणजे ‘किराद’. भांडवल एकाचं, पाय दुसऱ्याचे. नफा झाला तर ठरलेल्या हिश्शानं वाटायचा. बुडालं तर भांडवलवाल्याचे पैसे गेले आणि फिरणाऱ्याचे कष्ट गेले. गबाळेपणा किंवा लबाडी केली नसेल तर फिरणाऱ्यावर भरपाई येत नाही. मोरोक्कोतल्या फेज शहरातल्या एखाद्या विधवेनं आपलं सोनं चुलत दिराच्या हाती देऊन त्याला नायजर नदीपर्यंत पाठवायचं, तर हा नियम तिकडच्या गावातही कुणीतरी जाणला पाहिजे. तो जाणणारा म्हणजे काझी. आणि काझी घडवायचा तर गुरू हवा, ग्रंथ हवेत, ग्रंथांच्या नकला करणारे हवेत.

त्या मुलीला द्यायचं उत्तर हे आहे. मिठाच्या तांड्यामागोमाग मुदव्वना आली, कारण तिच्यावाचून मिठाचा हिशेब मिटत नव्हता.

इब्न बतूतानं मालीच्या लोकांचे गुण सांगितलेत, त्यांत एक या संदर्भात फार बोलका आहे. परदेशी गोरा, म्हणजे अरब किंवा उत्तर आफ्रिकेतला, माणूस त्यांच्या मुलखात मेला तर त्याचा माल ते जप्त करत नाहीत, मग तो केवढाही असो. गोऱ्यांपैकीच एखाद्या विश्वासू माणसाच्या हवाली करतात आणि खरा वारस येईपर्यंत तो तिथे राहतो. रस्त्यांवर चोराचं भय नाही, हेही तो आवर्जून लिहितो. सगळ्याच गोष्टी त्याला रुचल्या नव्हत्या, सुलतान मन्सा सुलेमानच्या कंजूषपणावर तो चांगलाच नाराज होता. म्हणून त्याची ही स्तुती मला खरी वाटते.

राजानं स्वतः मुसलमान असायलाच हवं होतं असंही नाही. १०६८च्या सुमारास अल-बकरी या भूगोलकारानं स्पेनमधल्या कॉर्दोबात बसून, व्यापाऱ्यांकडून ऐकून, घानाचं वर्णन लिहिलं. राजधानीची दोन गावं होती. एक मुसलमान व्यापाऱ्यांचं, १२ मशिदींचं, इमाम आणि कायदेपंडितांसकट. दुसरं राजाचं, जिथे जुनी दैवतं आणि त्यांच्या देवराया होत्या. राजाचा खजिनदार, दुभाषे आणि बरेचसे मंत्री मात्र मुसलमान. मीठ लादलेल्या गाढवामागे आत येताना एक दिनार जकात आणि बाहेर जाताना दोन. खाणीत सापडलेले सोन्याचे खडे राजाचे, सोन्याची भुकटी लोकांची. राजानं आपला धर्म राखला आणि हिशेबाला लिहिती माणसं नेमली.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला चौल आठवल्याशिवाय राहत नाही. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी-इतिहासकार चौलला आला होता. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. वर राष्ट्रकूट, खाली उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. मसूदी लिहितो की तिथे सुमारे १० हजार मुसलमान राहत होते: सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला होता. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८च्या, म्हणजे ९२६च्या ताम्रपटात तर संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी आहे आणि त्याच्या संमतीनं एका मठिकेला दान दिलेलं आहे. घानाचा राजा आणि शिलाहार राजा यांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार. पण दूरचा व्यापारी आपल्या पेठेत टिकवायचा असेल तर त्याला त्याचा न्याय आणि त्याचा लिहिणारा माणूस मिळाला पाहिजे, हे दोघांनीही ओळखलं होतं. तुमच्या वर्गात घानाआधी चौल शिकवा, मग घाना मुलांना परका वाटणार नाही.

आता मालीचा राजा मन्सा मूसा. त्याच्याबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगते. १३२४मध्ये तो हजला जाताना कैरोत थांबला आणि इतकं सोनं वाटलं की, त्या काळचा अरब लेखक अल-उमरी याच्या म्हणण्याप्रमाणे, २५ दिरहमांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) खाली कधी न उतरणारा मिस्काल २२ दिरहमांच्या वर जाईना. १२ वर्षांनी उमरीनं चौकशी केली तेव्हाही भाव पडलेलाच होता. एवढं मुलांना सांगाच, त्यांना आवडतं. पण मला त्या यात्रेचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. परततेवेळी मूसाकडचं सोनं संपलं आणि त्यानं कैरोत कर्ज काढलं. कर्ज देणाऱ्यांत अलेक्झांड्रियाचा सिराजुद्दीन इब्न अल-कुवैक हा बडा व्यापारी होता. त्यानं वसुलीला मुनीम धाडला, तो मालीतच रमला. मग म्हातारा सिराजुद्दीन मुलाला घेऊन स्वतः निघाला, वाळवंट ओलांडून टिंबक्टूला पोचला, आणि त्याच रात्री वारला. विषप्रयोगाची कुजबुज झाली. मुलगा म्हणाला, तेच अन्न मीही खाल्लं, त्यांची वेळ आली होती. मुलगा पुढे राजधानीला गेला, बापाचं येणं वसूल केलं आणि मिसरला, म्हणजे इजिप्तला, परतला. इब्न बतूतानं टिंबक्टूत या सिराजुद्दीनची कबर पाहिली.

जगातला सगळ्यात श्रीमंत म्हणून ज्याचं नाव घेतात त्या राजाकडून एका व्यापाऱ्याचा पोरगा, बाप गमावलेला असताना, परमुलखात कर्ज वसूल करून आणतो. त्या राज्याची पत मला इथे दिसते.

त्याच यात्रेहून येताना मूसानं मालिकी कायद्याचे ग्रंथ आणले, पंडित आणले, ग्रानाडाचा कवी अबू इस्हाक अल-साहिली आला. सिराजुद्दीन अखेरच्या रात्री उतरला होता तो याच साहिलीकडे. शिवाय अरबस्तानातल्या हिजाझहून अब्दुर्रहमान अल-तमीमी नावाचे एक विद्वान आले. ‘तारीख अल-सुदान’ या सतराव्या शतकातल्या बखरीत त्यांची हकिकत आहे. टिंबक्टूत येऊन पाहतात तो गावातले काळे पंडित कायद्यात त्यांच्याहून वरचढ. तेव्हा ते आधी फेजला गेले, तिथे शिकून आले आणि मग टिंबक्टूत राहिले. आफ्रिकेत विद्या बाहेरून ‘दिली गेली’ असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते.

पुढे ग्रंथ हा स्वतःच माल झाला. फेजचा हसन अल-वज्जान, ज्याला युरोप लिओ आफ्रिकानस म्हणतो, १५१०च्या सुमारास टिंबक्टूत गेला होता. तो लिहितो की उत्तरेकडून येणारी हस्तलिखितं इथे खपतात आणि इतर कुठल्याही मालापेक्षा त्यांत जास्त नफा आहे. सोंघाईचा राजा अस्किया दाऊद हस्तलिखितांच्या नकला करायला पदरी लेखक बाळगून होता, आणि अरबीचा एक मोठा शब्दकोश त्यानं ८० मिस्कालांना घेऊन एका विद्वानाला भेट दिला. इब्न बतूताच्या वेळच्या भावानं राजधानीत याचं दोन ते चार उंटांवरचं मीठ आलं असतं. नकलेच्या धंद्याची घडीही बसलेली होती. १५७०च्या दशकातल्या एका कोशाच्या टिंबक्टूतल्या नकलेत शेवटी मजुरी नोंदवलेली आहे: नकल करणाऱ्याला जेवढं सोनं, त्याच्या निम्मं ती ताडून पाहणाऱ्याला. चुका तपासण्यासाठी वेगळा माणूस नेमून त्याला रोख मोबदला देणारं गाव पुस्तकांबाबत किती काटेकोर असेल, ते यावरून ओळखा.

या हस्तलिखितांची छायाचित्रं मी बरीच पाहिली आहेत. पानं शिवलेली नसतात. सुटी पानं चामड्याच्या वेष्टनात ठेवून दोरीनं बांधलेली, आपल्या रुमालात बांधलेल्या पोथीसारखी. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवलेला असतो, म्हणजे पानं विस्कटली तरी क्रम लावता येतो. कागद बाहेरून, उंटावरून आलेला, म्हणून कोरी जागा वाया घालवलेली नाही. समासात पोथी कुणी कितीला घेतली, कुणाचं काय येणं, याच्याही नोंदी सापडतात. वरती कायदा, कडेला व्यवहार. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर एकाच पानावर बघायला मिळतं.

आता विद्यापीठ. टिंबक्टूत संकोरे मशीद होती, आजही आहे. तिच्या आसपास नामवंत पंडित राहत. पण कुलगुरू, वसतिगृहं, परीक्षा आणि पदवीदान असलेली एक संस्था डोळ्यांसमोर आणू नका. शिष्य गुरूच्या ओसरीवर जाऊन एकेक ग्रंथ वाचून घेई आणि तो पुरा झाला की गुरू त्याला ‘इजाजा’ देई: अमुक ग्रंथ याने माझ्याकडे वाचला, आता हा तो शिकवू शकतो. पुढे गुरूच्या गुरूंची परंपरा. आपल्याकडे पैठण-नाशिकच्या शास्त्र्यांकडे विद्यार्थी राहत ती रीत आठवा, म्हणजे चित्र जवळचं वाटेल. २५ हजारांचा आकडा अशाच शाळांच्या संख्येवर गुणाकार करून आलेला अंदाज आहे. तो मी वर्गात वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. त्याच्याऐवजी वापरायला मी तुम्हाला दोन खरे आकडे देते, आणि ते कितीतरी जास्त जिवंत आहेत.

‘तारीख अल-फत्ताश’ या दुसऱ्या बखरीत टिंबक्टूत मुलांच्या दीडशे शाळा असल्याचं म्हटलंय, आणि त्यांतल्या एकीत लेखकानं स्वतः डोकावून पाहिलंय. शिक्षकाचं नाव अली तकारिया. दिवस बुधवार, फी देण्याचा. कुणी ५ कवड्या आणल्या, कुणी १०, ज्याची जशी ऐपत. सगळ्या मिळून १,७२५ कवड्या जमल्या. आणि अंगणात मुलांच्या लिहायच्या लाकडी पाट्या पडलेल्या होत्या, त्या त्यानं मोजल्या: १२३. या पाट्यांवर शाईनं धडा लिहायचा, पाठ झाला की पाण्यानं धुऊन पुढचा धडा. आपल्या धूळपाटीची ही बहीण.

त्या कवड्या कुठल्या? त्या काळी पश्चिम आफ्रिकेत चालणाऱ्या कवड्यांचं मूळ घर हिंदी महासागरातली मालदीव बेटं. इब्न बतूता तिथे काही काळ काझी होता. तिथे सोन्याच्या एका दिनारला ४ लाख कवड्या मिळतात, असं तो लिहितो. आणि माली व नायजरकाठच्या गाओमध्ये त्यानं दिनारला १,१५० कवड्यांचा भाव पाहिला. त्याच्याच आकड्यांनी हिशेब केला तर जवळजवळ साडेतीनशेपट. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी’ म्हणतो, ते समुद्राच्या या बाजूला, जिथे कवडी मुबलक होती तिथे. तीच कवडी जहाजानं तांबड्या समुद्राकडे, तिथून कैरो, तिथून उंटावर वाळवंटापार गेली की तिच्या पाच-दहा दाण्यांत एका पोराची आठवड्याची शिकवणी भागत होती. विद्या आणि व्यापार यांचं नातं याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

एक बाजू मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर मी सगळंच हिशेबात बसवते आहे असं वाटेल. विद्या सुरुवातीला व्यापाराच्या गरजेनं आली असली तरी ती तेवढीच राहिली नाही. १४६८च्या सुमारास सोंघाईचा राजा सुन्नी अली टिंबक्टूवर चालून आला तेव्हा पंडितांची घराणी वलात्याकडे पळाली. तारीख अल-सुदानमध्ये आहे की दाढीवाले प्रौढ पुरुष उंटावर बसताना थरथरत होते, उंट उठला की खाली पडत होते, कारण घरच्यांनी लहानपणी त्यांना खेळायलाही बाहेर सोडलं नव्हतं. वाळवंटाच्या दारात राहून उंटावर बसता येत नाही, म्हणजे दोन पिढ्यांत निव्वळ पुस्तकांत राहणारा वर्ग तयार झाला होता. आणि टिंबक्टूचे पंडित मुहम्मद बघायोघो (१५२३–१५९४) यांची हकिकत वाचून तर मला दर वेळी भरून येतं. त्यांचा शिष्य अहमद बाबा यानं लिहून ठेवलंय की दुर्मिळ पोथ्यांचा एवढा सोस असूनही ते कुणालाही पोथी नेऊ देत. अनोळखी विद्यार्थी दारात आला आणि ग्रंथाचं नाव सांगितलं, तर तो कोण हेही न विचारता आत जाऊन शोधून आणून देत, आणि पुन्हा कधी मागत नसत. त्यात कित्येक पोथ्या गेल्या. ज्या गावात एका कोशाला ८० मिस्काल पडत होते त्या गावातली ही गोष्ट आहे.

आणि गुलामगिरी. हा भाग नववीला गाळू नका. मीठ खणणारे गुलाम होते, हे वर आलंच. १३५३मध्ये इब्न बतूता परतला तो ६०० दासी घेऊन निघालेल्या तांड्याबरोबर. पंडितांच्या घरीही गुलाम होते. अहमद बाबानं १६१५मध्ये एका प्रश्नाच्या उत्तरात ठामपणे लिहिलं की काळा रंग हे गुलाम करण्याचं कारण होऊ शकत नाही आणि मुसलमान राज्यांतल्या माणसांना विकणं बेकायदा आहे; पण मुसलमान नसलेल्यांना गुलाम करण्याची प्रथा त्यानंही मान्यच केली. ज्या कायद्यानं विधवेचं भांडवल राखलं त्याच कायद्यात माणसाच्या विक्रीचे नियमही होते. आपल्या मातीशी याचा धागा थेट आहे. अहमदनगरची निजामशाही तोलून धरणारा, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला आणि गुलामांच्या बाजारांतून विकला जात दख्खनला पोचला.

शेवट पटकन सांगते. १५९१मध्ये मोरोक्कोच्या सुलतानानं बंदुकांचं सैन्य वाळवंटापार पाठवलं आणि तोंदिबीच्या लढाईत सोंघाई मोडलं. १५९३मध्ये टिंबक्टूतले पंडित कैद केले आणि पुढे मोरोक्कोतल्या माराकेशला नेले. अहमद बाबा वाटेत उंटावरून पडला, पाय मोडला. आपल्या १,६०० पोथ्या लुटल्या गेल्या आणि आपला संग्रह घराण्यात सगळ्यात लहान होता, असं त्यानं सांगितलं. १६०८मध्ये तो परत आला. पोथ्या पुढे घराघरांत, पेट्यांतून राहिल्या. २०१२मध्ये सशस्त्र गटांनी गाव घेतलं तेव्हा तिथल्याच लोकांनी त्या पत्र्याच्या ट्रंकांत भरून गाड्यांनी आणि होड्यांनी मालीची राजधानी बामाकोला हलवल्या. आजीच्या ट्रंकेतले मोडी कागद आगीतून किंवा पुरातून वाचवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, त्यामुळे त्या माणसांनी काय उचललं असेल ते मला समजतं.

आता वर्गात काय करायचं. पूजेच्या सामानाच्या दुकानात कवड्या मिळतात, मूठभर घेऊन जा आणि मुलांच्या हातात द्या. अली तकारियाच्या बुधवारची हकिकत सांगा. मग मुलांना एक काम द्या: तुम्ही तांड्यात आहात, वलाता दहा मुक्काम पुढे आहे, मधे पाणी नाही, तिथे तुमच्या ओळखीचं कुणी नाही. ज्याला कधी पाहिलं नाही अशा व्यापाऱ्याला पत्र लिहा, की तो चार दिवसांची वाट चालून तुमच्यासाठी पाणी घेऊन येईल. जिनं पुस्तकांचा प्रश्न विचारला तिला तकशीफ करा आणि सगळी पत्रं तिच्याकडे द्या. कुणाच्या पत्रावर पाणी घेऊन जावंसं वाटतं आणि का, ते तिलाच वर्गासमोर सांगू द्या.